बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सूर्यमाला शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू?

जीवशास्त्राची_बाई

नमस्कार मंडळी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पेशी, पचनसंस्था, परागीभवन यावर झोपेतून उठवलंत तरी बोलेन. यंदा मात्र खगोलशास्त्राच्या छंदवर्गाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. तीस मुलं, आठवड्याला एक तास, असे एकूण दहा तास.

पहिल्या तासाला फळ्यावर सूर्य काढला आणि पुढे ओळीनं आठ ग्रह. एका मुलीनं विचारलं, "बाई, सगळे ग्रह असे रांगेत उभे असतात का?" म्हटलं, नाही. "मग चित्रात का असतात?" उत्तर सुचेना. घंटा झाली म्हणून वाचले.

दहा तासांत काय घ्यावं, काय सोडावं? शाळा एक दुर्बीण घेऊन द्यायला तयार आहे, ती घ्यावी का? मोबाइलवरचं एखादं चांगलं अॅप? जाणकारांनी प्रकाश टाकावा. माझं स्वतःचं आकाशाचं ज्ञान सप्तर्षी ओळखण्यापुरतं आहे, हे आधीच सांगून टाकते.

काठावरचा

ताई, त्या मुलीला पहिल्या बाकावर बसवा. तिनं नेमकं दुखणं पकडलंय. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरं एकाच प्रमाणात कुठल्याच पानावर मावत नाहीत, म्हणून सगळी चित्रं अंतरं खाऊन टाकतात. तुमचा दुसरा तास तोच.

१४ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घ्या, तो सूर्य. म्हणजे एकास हजार कोटी हे प्रमाण झालं. या हिशेबात पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि चेंडूपासून १५ मीटरवर. चंद्र तिच्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर, नुसता ठिपका. गुरू १४ मिलिमीटरचा मणी, ७८ मीटरवर. शनी १४३ मीटरवर, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटरवर. मैदानात मुलांना एकेक ग्रह हातात देऊन चालत पाठवा. गुरूपर्यंत हसतखेळत जातात, शनीच्या पुढे आवाज बंद होतो.

आता यातली माझी आवडती गोष्ट. या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर होतो. अक्षरशः मुंगीची चाल. एका पोराला 'प्रकाश' करा आणि सूर्यापासून त्याच चालीनं निघायला सांगा. पृथ्वीवर पोचायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतील, खऱ्या प्रकाशाला लागतात तेवढीच. 'प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो' हे वाक्य मुलं पाठ करतात, पण अवकाशाच्या मानानं तो किती हळू आहे ते त्या आठ मिनिटांत कळतं.

शेवटी विचारा, सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? उत्तर चार हजार किलोमीटर.

उगाच_कुणीतरी

वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

मैदान नसेल तर कागदाच्या पट्टीनं भागतं. मीटरभर लांब पट्टी, एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला प्लूटो. मधोमध घडी घाला, तिथे युरेनस. युरेनस आणि प्लूटोच्या मधल्या घडीवर नेपच्यून. सूर्य आणि युरेनसच्या मधे शनी, सूर्य आणि शनीच्या मधे गुरू, सूर्य आणि गुरूच्या मधे लघुग्रहांचा पट्टा. उरलेल्या इवल्याशा तुकड्यात मंगळ, पृथ्वी, शुक्र, बुध चौघंही कोंबायचे. मोजमाप काटेकोर नाही, पण खऱ्या अंतरांच्या बरंच जवळ जातं आणि पाच मिनिटांत होतं.

जाता जाता, प्लूटोवरून वर्गात मारामारी होणार याची तयारी ठेवा.

दुर्बीणवाला

दुर्बिणीबद्दल कळकळीनं सांगतो, पहिल्या झटक्यात घेऊ नका. आमच्याकडे मुलाच्या हट्टापायी आणली. खोक्यावर ठळक अक्षरांत '५२५ पट मोठं दिसतं' आणि वर शनीचं रंगीत चित्र. प्रत्यक्षात भिंग ७० मिलिमीटरचं. उपयोगी पडेल असं वर्धन भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या फार तर दुप्पट, म्हणजे इथे १४०. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण सगळी गिचमीड. त्यात तिपाई इतकी लटपटी, की फोकस करायला बोट लावलं की शनी दृश्याबाहेर. पोरगं तिसऱ्या दिवशी कंटाळलं.

त्याऐवजी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा. कोपर भिंतीला टेकवून किंवा स्टँडवर लावून पाहिलं तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका डोळे दिपवतो, काळोखी जागा असेल तर देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा धुरकट डागही सापडतो. तो डाग २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे हे मात्र दाखवायच्या आधी सांगा, नाहीतर 'एवढंच?' असा चेहरा करतात. आणि चंद्र अष्टमीच्या आसपास दाखवा, पौर्णिमेला नको. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, त्यामुळे विवरांच्या सावल्याच नसतात आणि चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं खोदून काढल्यासारखी उठून दिसतात.

शाळेला दुर्बीणच घ्यायची असेल तर १५० मिलिमीटर आरशाची, डॉब्सोनियन (जमिनीवर ठेवायच्या साध्या, फिरत्या) बैठकीवरची. ठोकळा आहे, पण हलत नाही, आणि नवख्या माणसालाही दहा मिनिटांत जमते.

काठावरचा

दुर्बीणवाल्यांना अनुमोदन. फक्त एक भर, आणि ही ताईंनी फळ्यावर लिहून ठेवावी: द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) बसवायची काळी काच येते. ती उष्णतेनं तडकू शकते, फेकून द्या.

सूर्य बघायचाच तर आरशानं भिंतीवर पाडून. लहान आरशावर कागद चिकटवा, कागदाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि तिथून उन्हाचा कवडसा दहा मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भोक चौकोनी असलं तरी कवडसा गोलच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. साधारण नऊ सेंटिमीटरची भरते, काठ थोडे पुसट येतात. आता त्रैराशिक: दहा मीटरला नऊ सेंटिमीटर, तर १५ कोटी किलोमीटरला किती? मुलं साडेतेरा लाख किलोमीटरपर्यंत पोचतात, खरा व्यास १३.९ लाख आहे. आरसा आणि पट्टीनं सूर्य मोजला हे पोरं घरी जाऊन दहा जणांना सांगतात. आरशात डोकावायचं मात्र कुणी नाही.

जीवशास्त्राची_बाई

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. चंद्राच्या कला कशा शिकवू? मी वर्गात विचारलं तर तीसपैकी बावीस हात 'पृथ्वीच्या सावलीमुळे' याला वर झाले. खरं सांगायचं तर गेल्या महिन्यापर्यंत माझाही हात वरच असता.

फळा_आणि_खडू

बाई, मी भूगोल शिकवतो. हा गैरसमज नुसतं सांगून जात नाही, हातात चेंडू द्यावा लागतो.

खोलीत अंधार करून मधे एकच उघडा दिवा लावा. प्रत्येकानं पेन्सिलीला टोचलेला पांढरा चेंडू हात लांब करून धरायचा, डोक्यापेक्षा थोडा वर, आणि जागच्या जागी डावीकडे सावकाश फिरायचं. दिव्याकडे तोंड असताना अमावास्या, पाव फेरी झाली की अर्धा चेंडू उजळलेला, पाठ दिव्याकडे आली की पौर्णिमा. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. तिची सावली कुठेही लागली नाही, तरी कला दिसल्या.

दुसरा पुरावा फुकटचा आहे. शुक्ल अष्टमीला दुपारनंतर सूर्य आणि अर्धा चंद्र दोन्ही आकाशात असतात. मैदानात उन्हात उभं राहून चेंडू चंद्राच्या बाजूला धरा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसेल तेवढाच चंद्राचाही. एकच सूर्य दोघांना उजळतोय. आणि सूर्य एकीकडे, चंद्र दुसरीकडे असताना पृथ्वीची सावली मधे येणार कुठून?

ऋतूंचंही तसंच. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते' म्हणणाऱ्याला विचारा, मग उत्तर आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळा एकाच वेळी का नसतो? पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटीवर. खरं कारण पृथ्वीच्या आसाचा २३.४ अंशांचा कल. टॉर्च आलेखाच्या कागदावर आधी सरळ आणि मग तिरका धरून उजळलेले चौकोन मोजायला लावा, तिरका उजेड जास्त चौकोनांवर पसरून फिका पडतो हे दिसलं की पुरे.

तारांगणी_पोरगी

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, थोडं आमच्या पिढीचंही ऐका :)

स्टेलॅरियम घ्या, आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर फुकट आहे. नुसतं 'हा तारा कुठला' एवढ्यासाठी वापरू नका. त्यात वातावरण आणि जमीन बंद करा, मंगळ निवडा आणि वेळ पुढे पळवा. मंगळ ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत असतो, मधेच थबकतो, उलटा फिरतो, परत सरळ होतो. 'वक्री' शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, तो कसा दिसतो हे फार थोड्यांना माहीत असतं. पृथ्वी आतल्या कक्षेतून भरभर जाऊन मंगळाला मागे टाकते म्हणून तसं दिसतं. दर २६ महिन्यांनी.

आकाशदर्शनाच्या रात्री मात्र मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या स्क्रीननं सगळं वाया जातं. टॉर्चला लाल जिलेटीन लावा.

आणि तो दर ऑगस्टला फिरणारा 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' मेसेज वर्गात घेऊन जा. २००३ साली मंगळ खरंच खूप जवळ आला होता, ५.५८ कोटी किलोमीटरवर. तेव्हाही नुसत्या डोळ्यांना तो लाल ठिपकाच होता. हा मेसेज खोटा का, ते मुलांनाच शोधू दे.

उगाच_कुणीतरी

सगळं छान आहे, पण एक विरोधी सूर. ग्रहांची माहिती अगदीच सोडू नका. मुलांना आकडे आवडतात हो! शुक्र बुधापेक्षा सूर्यापासून लांब असूनही जास्त तापतो, ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५. हे ऐकून डोळे विस्फारतात.

काठावरचा

आकडा 'का'सकट येत असेल तर हरकत नाही. शुक्राचं जाड कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण सांगा, तापमान आपोआप लक्षात राहील. पण 'शनीला किती चंद्र' असलं पाठ करून घेऊ नका. मार्च २०२५ मध्ये एका फटक्यात १२८ नवे जाहीर झाले आणि संख्या २७४ वर गेली. कालचा बरोबर उत्तरवाला आज नापास.

प्लूटोचंही तेच. २००६ साली त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं म्हणून मुलं हळहळतात. त्यांना सेरेसची गोष्ट सांगा. १८०१ साली सापडला, अनेक वर्षं ग्रह म्हणून मिरवला, मग आसपास तसलेच आणखी सापडत गेले आणि तो लघुग्रह झाला. प्लूटोच्या पलीकडे २००५ साली एरिस सापडला तेव्हा तोच प्रसंग पुन्हा आला. आज सेरेस, प्लूटो, एरिस तिघंही बटुग्रहांच्या (ड्वार्फ प्लॅनेट) एकाच बाकावर आहेत.

दुर्बीणवाला

अवांतर: मुलांना आधी शनी दाखवायचा बेत असेल तर स्टेलॅरियममध्ये कडी बघून घ्या. २०२५ साली ती कडेवरून दिसत होती, म्हणजे ग्रहावर काडी आडवी ठेवल्यासारखी. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. आमच्याकडे एक पाहुणे दुर्बिणीतून बघून म्हणाले, "याची कडी कुठं सांडली?" आता पुन्हा उघडत चालली आहेत.

जीवशास्त्राची_बाई

अहवाल देते. चेंडूचा प्रयोग पहिल्यांदा फसला. पडदे ओढले, दिवा लावला आणि बाहेरच्या व्हरांड्यातली ट्यूबलाइट विसरले. चेंडू दोन्ही बाजूंनी उजळला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, याला दोन सूर्य आहेत." ट्यूब बंद केल्यावर जमलं. एकानं चेंडू डोक्याच्या रेषेतच धरला आणि पौर्णिमेला तो काळा पडला. तो ओरडला, "ग्रहण!" मग स्वतःच विचारलं, "पण दर पौर्णिमेला का होत नाही?" चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, हे सांगायची एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नसती.

द्विनेत्री आली आहे. चार मुलं रोज रात्री गुरूजवळचे ठिपके वहीत काढतात. एकीच्या वहीत काल तीनच ठिपके होते आणि शेजारी लिहिलंय, 'चौथा मागे गेला असेल किंवा ढग.'

पुढच्या आठवड्यात सूर्यमालेची चाल. पण आमचं मैदान जेमतेम अडीचशे मीटर आहे. नेपच्यून कुठे ठेवू?

काठावरचा

चेंडू सात सेंटिमीटरचा घ्या, सगळी अंतरं निम्मी होतात. पृथ्वी साडेसात मीटरवर, नेपच्यून २२५ वर. फक्त 'प्रकाश' झालेल्या पोराला सेकंदाला दीड सेंटिमीटरच सरकायला सांगा, आठ मिनिटं तेवढीच राहतील. त्यासाठी वर्गातला सर्वांत शांत मुलगा निवडा.