मदत हवी आहे: रातांबा (कोकम) फुलतो, पण फळ नाही

राजापूरजवळ आमच्या परसात बियेपासून वाढवलेला रातांबा आहे, ९ वर्षांचा. दोन हंगाम फुलला, फळ एकही नाही. यंदा फुलं जवळून बघितली: झुपक्याझुपक्यांनी, मधे पुंकेसरांचा पिवळट गोळा. म्हणजे हे नर झाडच ना? कोकण, गोवा, कारवारपासून खाली केरळपर्यंत रानात आपसूक वाढणारं झाड, आणि माझ्या नशिबी नेमका नर! आईला आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि टाचांच्या भेगांना मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) घरचंच हवं. तोडणं जिवावर येतं. याच्याच फांद्यांवर मादीच्या काड्या बांधून कुणी कलम केलंय का? कोणत्या महिन्यात? की दापोली कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या जातीचं कलम आणून शेजारी लावू? शेंड्याची काडी नसेल तर कलम आडवंच पसरतं म्हणतात, तेही सांगा.