चाकरमान्यांसाठी रविवारच्या अकरांत जागा राखून ठेवाव्यात का?

डावखुरा सलामीवीर (धागाकर्ता)

येत्या शनिवारी आपल्या ‘ब’ संघाचा सामना सावंतवाडीला आहे आणि रविवारी ‘अ’ संघाचा सामना मालवणात, आपल्याच मैदानावर. दोन्ही सामने तीस षटकांचे, सीझन बॉलचे (म्हणजे कठीण चामडी चेंडूचे) आणि मॅटवरचे आहेत. ‘अ’ संघाला बाद फेरी गाठायची असेल तर रविवारी जिंकावेच लागेल. ‘ब’ संघाने साखळीत अजून एकही सामना जिंकलेला नाही. निवड समितीत आम्ही तिघे आहोत. उरलेल्या दोघांचे म्हणणे असे की मुंबईहून येणाऱ्या दोन खेळाडूंसाठी, म्हणजे एक ऑफस्पिनर आणि एक मधल्या फळीतला फलंदाज यांच्यासाठी, रविवारच्या अकरांत जागा राखून ठेवाव्यात. मला हे पटत नाही, आणि समितीत दोनास एक असा हरण्याआधी ते सर्वांसमोर मांडावे असे वाटले.

माझी तक्रार त्या दोघांच्या खेळाबद्दल नाही, त्यांच्या येण्याच्या अनिश्चिततेची किंमत कोण मोजतो याबद्दल आहे. आपल्या साखळीचा नियम असा की एका आठवड्यात एका खेळाडूने एकाच संघातून खेळायचे. त्यामुळे गाडी चुकली किंवा रखडली तर हाताशी असावेत म्हणून आपण दोन मुलांना शनिवारी सावंतवाडीला पाठवत नाही. गेल्या महिन्यात असेच झाले. ‘ब’ संघ नऊ जणांनिशी खेळला, रविवारी गाडी वेळेवर आली आणि ज्यांना राखून ठेवले होते ती दोन मुले दिवसभर पाण्याच्या बाटल्या घेऊन सीमारेषेबाहेर बसून राहिली. हीच मुले मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला येऊन काथ्याची मॅट उलगडतात, चौघे चार कोपरे धरून ताणतात आणि खिळे ठोकतात. गुरुवारी रात्री दोन्ही संघ जाहीर करावेत आणि जो सरावाला होता त्यालाच त्यात घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाकरमानी ऑफस्पिनर

दादा, ज्याच्याबद्दल लिहिले आहे तो मीच, तेव्हा उत्तरही मीच द्यावे. मला शनिवारी कामावर जावे लागते. रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये बसतो, रविवारी सकाळी कुडाळला उतरतो, तिथून मिळेल त्या वाहनाने मालवण गाठतो, सामना खेळतो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत निघतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि त्याच सकाळी मी तिकीट काढून ठेवतो, कारण नंतर प्रतीक्षायादीशिवाय काही हाती लागत नाही. म्हणजे ज्या सामन्याचा संघ तुम्ही गुरुवारी ठरवणार, त्याची तयारी मी दोन महिने आधीच केलेली असते. याला अनिश्चितता म्हणायचे असेल तर म्हणा.

सरावाचे म्हणाल तर मी आठवड्यातून दोन सकाळी आझाद मैदानावर गोलंदाजी करतो. सीझन बॉल हातात धरायची सवय मला आहे. आपल्याकडची निम्मी मुले आठवडाभर टेनिस बॉलवर अंडरआर्म, म्हणजे हात खांद्याखाली ठेवून टाकायचे क्रिकेट खेळतात आणि गुरुवारी तासभर नेटमध्ये येतात. त्याला सराव म्हणायचे आणि माझ्या गोलंदाजीला म्हणायचे नाही, हा न्याय मला समजला नाही. रविवारचा प्रतिस्पर्धी संघ फिरकीवर कच्चा आहे हे तुम्हीच मागच्या खेपेला म्हणाला होतात.

मॅटची किल्ली ज्याच्याकडे असते तो

आझाद मैदानावर टर्फ, म्हणजे मातीची गवती खेळपट्टी आहे आणि आपल्याकडे मुरमाच्या भरावावर काथ्याची मॅट आहे. हा फरक मुंबईकर दर खेपेला विसरतात. मॅटवर चेंडू जास्त उसळतो, झटकन वळतो आणि टर्फच्या सवयीने पुढचा पाय टाकून खेळणारा फलंदाज ग्लव्हजला चेंडू लागून शॉर्टलेगच्या, म्हणजे बॅटजवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या, हातात सापडतो. मॅट काय करू शकते हे भारतीय संघाने 1952 साली लखनौला पाहिले आहे. तिथे तागाच्या मॅटवर पाकिस्तानच्या फझल महमूदने कसोटीत बारा बळी घेतले आणि आपण डावाने हरलो. त्यामुळे ऑफस्पिनर येत असेल तर त्याला जरूर घ्या, मॅटवर तो कामाचाच आहे. फलंदाजाच्या बाबतीत मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. त्याने या मोसमात आपल्या मॅटवर एकदाही नेट केलेले नाही.

जाता जाता एक सांगतो. जानेवारीतल्या दवाने सकाळी मॅट ओली असते आणि पहिली आठ-दहा षटके चेंडू शिवणीवर पडून वाटेल तसा जातो. नाणेफेक जिंकली तर आधी क्षेत्ररक्षणच घ्या. हा सल्ला फुकट आहे.

गुणलेखक

भावना बाजूला ठेवून गुणतक्ता पाहावा अशी विनंती आहे. बाद फेरीची शेवटची जागा सरस धावगतीवर ठरण्याची दाट शक्यता आहे, आणि धावगतीचा जो नियम आपल्या मुलांच्या डोक्यात कधीच शिरत नाही तो असा की संघ सर्वबाद झाला तर भागाकार खेळलेल्या षटकांनी होत नाही, पूर्ण षटकांनी होतो. समजा, आपण बावीस षटकांत 110 धावांत सर्वबाद झालो, तर मुलांना वाटते आपली गती 5 पडली. ती धरली जाते 3.67, कारण 110 ला तीसने भागतात. सातव्या क्रमांकानंतर उभा राहणारा कोणी नसेल तर आपण जिंकूनही मागे राहू शकतो. मुंबईहून येणारा फलंदाज देखणा खेळत नसेल, पण तो तीस षटके संपेपर्यंत टिकतो. शिवाय या मोसमात आपल्या वाट्याची सहाच्या सहा षटके दर वेळी पूर्ण टाकणारा गोलंदाज हा ऑफस्पिनर एकटाच आहे. साखळी जिंकायची आहे की हजेरीपट भरायचा आहे, हे समितीने आधी ठरवावे.

‘ब’ संघातल्या यष्टिरक्षकाची आई

हजेरीपट हा शब्द लागला म्हणून लिहिते. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. शनिवारी पहाटे पाचला उठून मी त्याला घावणे करून देते आणि सहाच्या टेम्पोला सोडते. गेल्या महिन्यात नऊ जणांनी तीस षटके क्षेत्ररक्षण केले तेव्हा स्लिपमध्ये कोणीच नव्हते, आणि चेंडू मागे गेला की यष्टिरक्षकाने पॅड बांधलेल्या पायांनी धावत जाऊन आणायचा, असे दुपारपर्यंत चालले. संध्याकाळी घरी आल्यावर तो इतकेच म्हणाला की रविवारचा संघ खरा असतो आणि आमचा संघ उरलेल्यांचा. गुणलेखककाकांच्या तक्त्यात हे कुठे बसते ते मला सांगावे. त्याच शनिवारी अंडरआर्म स्पर्धेवाले त्याला दिवसाचे पैसे आणि टी-शर्ट द्यायला तयार होते. तो गेला नाही. पुढच्या वेळी जाणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही.

निवृत्त पंच

गाडीचा विषय निघाला आहे म्हणून कायदा सांगतो, कारण आपल्या साखळीत एमसीसीचे, म्हणजे क्रिकेटचे कायदे करणाऱ्या लंडनच्या क्लबचे, कायदे जसेच्या तसे लागू आहेत. नाणेफेकीपूर्वी कर्णधाराने अकरा नावे लेखी द्यायची असतात आणि त्यानंतर प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीशिवाय नाव बदलता येत नाही. खेळाडू मैदानावर नसला तरी त्याचे नाव देता येते. पण संघ क्षेत्ररक्षण करत असताना तो जितका वेळ बाहेर असेल तितका वेळ मैदानावर काढल्याशिवाय त्याला गोलंदाजी करता येत नाही.

आता हिशेब करा. सामना साडेनऊचा आहे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी. कुठेतरी क्रॉसिंगला गाडी थांबली आणि आपला गडी सव्वादहाला मैदानात उतरला, तर अकरापर्यंत तो चेंडू टाकू शकत नाही. तासाला पंधरा षटके धरली तर साडेअकराला डाव संपतो. मधल्या अर्ध्या तासात एका टोकाने फार तर चार षटके त्याच्या वाट्याला येतील. म्हणजे मॅटवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे आधी क्षेत्ररक्षण घेतले आणि गाडी रखडली, तर ज्या सहा षटकांसाठी जागा राखली ती सहा षटके मिळणारच नाहीत. दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येत नाहीत.

डावखुरा सलामीवीर (धागाकर्ता)

पंचकाकांचा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माझी भूमिका मी थोडी बदलतो, पूर्ण सोडत नाही. ऑफस्पिनरचे नाव गुरुवारी अकरांत असेल. फलंदाजाचे नसेल, त्या जागी गुरुवारच्या सरावातला मुलगा खेळेल आणि धावगतीत फटका बसला तर गुणलेखकांनी मला खुशाल धारेवर धरावे. राखीव म्हणून कोणालाही घरी बसवणार नाही, सावंतवाडीला अकरा जण जातील. रविवारी बारावा मी स्वतः असेन, आणि गाडी आली नाही तर नाणेफेकीपूर्वी ऑफस्पिनरच्या जागी माझे नाव जाईल. माझा डावा खांदा अजून दुखतो आहे, त्यामुळे यात त्याग वगैरे काही नाही.

चाकरमानी ऑफस्पिनर

कणकवली सोडली की फोन करतो. नऊपर्यंत मैदानावर दिसलो नाही तर बिनदिक्कत तुमचे नाव द्या, त्याबद्दल माझी तक्रार नसेल. मित्राच्या बाबतीतला निर्णय मात्र मला चुकीचा वाटतो, कारण मॅटवर नेट मिळाले नाही हा त्याचा दोष नाही. मंगळवार-गुरुवार सोडून नेट कधी लागतच नाही. त्याचेही तिकीट काढलेले आहे. ते रद्द कर, असे त्याला मी सांगणार नाही. समितीतल्या कोणीतरी आजच फोन करावा.