विहीर आणि सेप्टिक टाकी: एवढे अंतर पुरेसे आहे का?

प्रश्न
आमची पिण्याच्या पाण्याची विहीर सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्यापासून सुमारे १८ मीटरवर आहे. एरवी पाणी स्वच्छ असते, पण जोराचा पाऊस झाला की ते गढुळते आणि घरातील मुलांना जुलाब होतात. पाणी उकळून प्यायले म्हणजे झाले, असे वडीलधाऱ्यांचे मत आहे. ते कितपत योग्य आहे, आणि शोषखड्ड्याचे पाणी विहिरीत उतरते की नाही हे कसे ओळखावे?

उत्तर १
उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट (मैलापाण्यातून किंवा खतातून पाण्यात विरघळून येणारा क्षार) जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार ते लिटरमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच असावे, आणि वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जीवाणू) आणि नायट्रेट या दोन्ही तपासण्या करून घ्या, एकदा मोठ्या पावसानंतर आणि एकदा कोरड्या दिवसांत. पहिल्या तपासणीचा निकष कडक आहे: १०० मिलिलिटर पाण्यात हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, थंड ठेवावा आणि २४ तासांच्या आत पोहोचवावा. जंतू फक्त पावसानंतरच सापडले, तर आधी विहिरीचा कठडा आणि बांधकामातील भेगा पाहा, कारण वरून वाहणारे पाणी थेट आत शिरत असण्याची शक्यता अधिक. नायट्रेट बारमाही जास्त असेल, तर संशय शोषखड्ड्यावर जातो. अर्थात जवळचा उकिरडा किंवा खत घातलेले शेतही त्याला कारण असू शकते.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, परंतु नुसत्या अंतराच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. मैलापाणी गाळले जाते ते शोषखड्ड्याचा तळ आणि भूजलपातळी यांच्यामधल्या कोरड्या मातीत. हा थर किमान २ मीटरचा तरी असावा. पावसाळ्यात पातळी वर चढते आणि नेमका हाच थर बुडतो. खाली भेगाळ खडक असेल, तर पाणी न गाळताच दूरवर पोहोचते, शिवाय पंपाचा उपसा ते विहिरीकडे ओढतो. संडासात फ्लुरोसीनसारखा रंग सोडून पाहता येते, मात्र रंग विहिरीत दिसला तरच काही सिद्ध होते. न दिसल्यास निष्कर्ष काढू नये, कारण त्याला पोहोचायला कित्येक आठवडे लागू शकतात.

उत्तर ३
टाकीकडेही लक्ष द्या. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून एक तृतीयांश जागा व्यापू लागली की उपसा करायलाच हवा. साधारणपणे ३ ते ५ वर्षांनी ही वेळ येते. उपसा टळला की गाळ शोषखड्ड्यात जाऊन तेथील माती बुजते. टाकीत टाकायच्या जिवाणूंच्या पुड्या बाजारात मिळतात, पण त्यांनी उपसा टळत नाही. झाकण उघडल्यावर आत कोणीही उतरू नये, कारण तेथे साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू क्षणात जीव घेतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अहवाल येईपर्यंत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली तर चालेल का?

उत्तर १
आधी नमुना घ्या, मग पावडर टाका, अन्यथा जंतूंचा अहवाल फसवा येईल. क्लोरीननेही नायट्रेट हटत नाही, तेव्हा घरात तान्हे बाळ असल्यास त्याच्यासाठी तूर्त तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणचे पाणी वापरा.