मदत हवी आहे : भाच्याने आत्ताच प्रो व्हावं का?

नमस्कार मंडळी. माझा भाचा 19 वर्षांचा आहे, पुण्यात गोल्फ खेळतो, हँडिकॅप शून्याच्या आसपास, म्हणजे खेळ अगदी वरच्या दर्जाचा. आता त्याला पीजीटीआयची (भारतातली व्यावसायिक गोल्फ टूर) क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे टूरवर खेळण्यासाठीची पात्रता स्पर्धा द्यायचीय. ताई म्हणते, आधी पदवी पूर्ण कर. भावजींनी मौन धरलंय, कारण आकडे त्यांनाच ठाऊक!

खरी अडचण पैशांची. प्रवास, हॉटेल, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), प्रवेश शुल्क... आणि 36 होलनंतरचा कट, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठीची निवड, हुकला की हातात दमडी नाही. एकदा प्रो झालं की अमॅच्युअर (हौशी) स्पर्धा बंद आणि अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फची शिष्यवृत्तीही गेलीच म्हणायची. पुन्हा अमॅच्युअर होता येतं, पण त्यासाठी अर्ज करून थांबावं लागतं.

पुण्याचा उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिक खेळला, तेव्हापासून आमचा भाचा हवेत आहे.

कुणाच्या घरात प्रो गोल्फर आहे का? पहिल्या वर्षाला साधारण किती खर्च आला? प्रायोजक स्कोअर बघून येतात की ओळखीतून? आणि कोचचे पैसे महिन्यावर ठरवावेत की बक्षिसातल्या वाट्यावर? खरंखुरं सांगा, ताईला वाचून दाखवणार आहे.