उद्यानालगतची जुनी, छोटी इमारत : अनुभव लिहा

दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या, मोजक्याच बिऱ्हाडांच्या आणि शहरातल्या उद्यानाला लागून असलेल्या इमारतीत घर घेण्याचा विचार आमच्या परिचयातली काही कुटुंबे करीत आहेत. अशा घरांत राहणाऱ्यांनी देखभाल, खर्च आणि शेजार यांविषयी सविस्तर लिहावे. हिरवाईचे कौतुक ठाऊक आहे. हिशेब कळला तर अधिक बरे.

प्रॉस्पेक्ट पार्क, ब्रुकलिन :
आमची इमारत चार मजली, आठ घरांची आहे. न्यूयॉर्क राज्यात काँडोमिनियमचा, म्हणजे एकाच इमारतीतल्या प्रत्येक घराच्या स्वतंत्र मालकीचा, कायदा १९६४मध्ये आला, त्यामुळे अशा इमारती मुळात काँडो नव्हत्या, पुढे कधीतरी झाल्या. घर आपल्या एकट्याच्या मालकीचे असले तरी बॉयलर, गच्ची आणि सांडपाण्याचे नळ सामाईकच राहतात. गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च आठ जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला जी रक्कम येते, ती साठ घरांच्या इमारतीत सहसा येत नाही. म्हणून मासिक शुल्क कमी दिसले की मला आनंद होण्याऐवजी शंका येते. राखीव निधी किती आहे आणि मागच्या सभांच्या इतिवृत्तांत कोणती कामे पुढे ढकलली आहेत, हे सौद्याआधी वकिलाकडून तपासून घ्यावे. सहा मजल्यांहून उंच इमारतींना दर्शनी भिंतींची तपासणी दर पाच वर्षांनी करावी लागते. त्यातून आम्ही सुटतो. रस्त्याकडच्या गच्चीच्या कठड्याची तपासणी मात्र २०२४पासून आम्हांलाही दरवर्षी करावी लागते आणि, खर्चाची कुरकूर बाजूला ठेवली तर, ती योग्यच आहे. उद्यानातले रस्ते २०१८मध्ये मोटारींना बंद झाले, तेव्हापासून सकाळ शांत झाली. उन्हाळ्यातल्या मैफिली मात्र खिडक्या लावूनही ऐकू येतात. कलाकार बरा असला तर तक्रार नसते.

फोर्ट ट्रायन पार्क, मॅनहॅटन :
मी फक्त खोली तापवणाऱ्या वाफेच्या रेडिएटरविषयी लिहिते. आमच्याकडे वाफ आत येण्याची आणि थंड होऊन झालेले पाणी परत जाण्याची नळी एकच आहे. खोली फार तापते म्हणून झडप अर्धवट फिरवली, तर पाणी अडकते, त्यावर वाफ आदळते आणि रात्री कोणीतरी घण मारल्यासारखा आवाज होतो. झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावी, आणि रेडिएटरचा उतार झडपेकडे आहे ना, ते पाहावे. खालच्या काकूंनी हे सांगेपर्यंत आम्ही वरच्या बिऱ्हाडाला दोष देत होतो.

शिवाजी पार्क, दादर :
आमची इमारत त्याच काळातली असली तरी व्यवस्था निराळी आहे. येथे आम्ही मालक नसून पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारे, भाडेकरू आहोत. दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरतो, आणि सप्टेंबर १९४०पूर्वीची असल्यामुळे इमारत उपकर भरणाऱ्या इमारतींपैकी सर्वांत जुन्या, ‘अ’ वर्गात मोडते. भाडे नगण्य असल्याने मालक दुरुस्तीत लक्ष घालत नाही, आणि भाडेकरूंमध्ये वर्गणीवर एकमत होत नाही. मैदानाची लाल धूळ उन्हाळ्यात फडताळातल्या पुस्तकांपर्यंत पोहोचते. पुनर्विकासाला माझी संमती आहे, वडिलांची नाही. बैठका चालू आहेत.