भाऊ खोलीबाहेर येत नाही, विचारलं तर चिडतो. नेमकं काय करावं?

मोठी_ताई

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे. माझ्याहून बराच लहान, त्यामुळे अर्धाअधिक माझ्याच अंगाखांद्यावर वाढलाय. हा मुलगा कायम काहीतरी चितारत असायचा. वहीची मागची पानं, बिलांच्या कोऱ्या बाजू, हाताला लागेल त्यावर. गेले दीड-दोन महिने त्याने पेन्सिल हातात धरलेली नाही. मी आणलेलं स्केचबुक अजून वेष्टनातच आहे. अंघोळ टाळतो, एकच राखाडी टी-शर्ट अंगावर असतो. रात्री मध्येच जाग आली तर त्याच्या दाराखालून उजेड दिसतो आणि दुपारी बाराला तो गाढ झोपलेला असतो. मित्रांचे फोन वाजून वाजून बंद होतात. काही विचारायला गेलं की "दार लावून जा" एवढंच.

आई म्हणते, वयच तसं आहे. बाबांच्या मते मोबाईल काढून घेतला की येईल ताळ्यावर. मला दोन्ही पटत नाही, पण ठामपणे सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही.

परवा जेवताना मार्कांवरून विषय निघाला आणि तो म्हणाला, "मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं सोपं झालं असतं." आवाज चढवला नाही, पाणी मागावं तितक्या सहज म्हणाला. आई-बाबांनी रागातलं बोलणं म्हणून सोडून दिलं. मला तेव्हापासून चैन नाही. त्याला त्याबद्दल थेट विचारावं का? की विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल? आणि डॉक्टरचं नाव काढलं की "मी वेडा नाहीये" म्हणतो, त्याला न्यायचं कसं?

दोन_लेकींचा_बाबा

ताई, काळजी समजू शकतो. माझी थोरली या वयात अशीच तुसडी झाली होती, आपोआप निवळली. या वयात मूड खालीवर होतातच. झोपेचं वेळापत्रक लावा, रात्री फोन खोलीबाहेर ठेवायला सांगा, सकाळी थोडा व्यायाम. जास्त खोदून विचारू नका, मुलं अजून मिटतात.

खिडकीजवळची

ताई, मी समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलांसोबतच काम करते. बाकी सगळं नंतर, आधी त्या वाक्याबद्दल.

त्याला विचारा आणि आजच विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती जवळपास प्रत्येक पालकाला असते. यावर झालेल्या संशोधनाचा २०१४ साली एकत्रित आढावा घेतला गेला. आत्महत्येबद्दल विचारल्यामुळे तसे विचार वाढतात असा पुरावा त्यात मिळाला नाही. माझ्यासमोर बसलेली मुलं तर उलटंच सांगतात. कुणीतरी ते मोठ्याने उच्चारलं म्हणून त्यांना हायसं वाटलेलं असतं.

प्रश्न गोलगोल नको. "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" असं विचारलं की समोरच्याला "नाही" म्हणण्यावाचून गत्यंतरच नसतं, कारण उत्तर आपण आधीच हातात ठेवलेलं असतं. साधं विचारा: "परवा तू म्हणालास मी नसतो तर बरं झालं असतं. ते माझ्या मनातून जात नाहीये. तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" आणि मग गप्प बसा. तो बराच वेळ काही बोलणार नाही. ती शांतता भरून काढू नका.

"हो" म्हणाला तर पुढचं विचारायचं: कसं करायचं हे ठरवलंय का, कधी, आधी कधी प्रयत्न केलाय का. पद्धत ठरली असेल, साधन हाताशी असेल किंवा प्रयत्न करून झाला असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तुमच्या भागातली आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा. घरातल्या औषधांचे डबे आणि इतर धोक्याच्या वस्तू, उत्तर "नाही" आलं तरी, आजच कुलपात जाऊ द्या. जिवावर उठणारा आवेग कित्येकदा थोड्या वेळाने ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेही माणसं वाचतात. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मदत आणणार, बाकीचं आपल्यातच राहील" असं सांगा.

आता वय की आजार. वरच्या दादांचा झोपेचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर येतेच. पण "आपोआप निवळेल" याच्याशी या मुलाच्या बाबतीत मी सहमत नाही. आम्ही नैराश्य तपासताना पाहतो की मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, हे दिवसाचा बराचसा वेळ, जवळपास रोज, किमान दोन आठवडे टिकलंय का. किशोरवयात उदासीच्या जागी चिडचिडही असू शकते, हे फार कमी घरांना माहीत असतं. रडणारं मूल लगेच लक्षात येतं, "दार लावून जा" म्हणणारं उद्धट ठरतं. त्यातही मी इतर मुलांशी तुलना करत नाही, त्याची त्याच्याशीच करते. सतत चितारणारा मुलगा दीड-दोन महिने पेन्सिल धरत नाही, अंघोळ सुटली, मित्र तुटले. एवढं एकत्र आल्यावर तपासणी हवीच. निदान मी इथून करू शकत नाही आणि करणारही नाही.

तो एकटा नाही, हेही आई-बाबांना सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटात सातातल्या एकाला मानसिक आजार असतो. जगभरातल्या १९२ अभ्यासांच्या एका विश्लेषणात, मानसिक आजार झालेल्यांपैकी ४८.४ टक्के लोकांत त्याची सुरुवात वयाच्या १८ वर्षांच्या आत झालेली आढळली. म्हणजे "एवढ्याशा पोराला कसलं डिप्रेशन" हे वाक्य अगदी चुकीच्या वयाला उद्देशून म्हटलं जातं.

झोपेबद्दल. पौगंडावस्थेत मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे उशिरा झोप येणं यात मुलांचा दोष नसतो. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. पण रात्रभर जाग आणि दिवसभर झोप हे त्याच्या पलीकडचं आहे. फोन हिसकावून घेऊ नका. एकटा पडलेल्या मुलाचा कदाचित तेवढाच धागा बाहेरच्या जगाशी जुळलेला असतो. रात्री फोन कुठे ठेवायचा हे त्याच्याशी बोलून ठरवा, आणि तो नियम घरातल्या सगळ्यांनाच लावा.

न्यायचं कसं? "मानसोपचार" शब्दावर तो अडत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. थकवा, झोप, भूक यासाठी म्हणून चला. हे खोटं नाही, कारण थायरॉइडचा बिघाड, रक्ताची कमतरता, बी-१२ ची कमतरता यांतही माणूस असाच गळून जातो आणि ते तपासायलाच हवं. डॉक्टर पुढे पाठवतील तेव्हा निवड त्याला करू द्या: बाई की पुरुष, समोर बसून की ऑनलाइन, तुम्ही आत येणार की बाहेर थांबणार. "कायमचं जायचं नाहीये, एकदा भेट, नाही पटलं तर दुसरं कुणी बघू" असं म्हणा. आणि ते खरंच पाळा. समुपदेशकाशी सूर जुळायलाच हवा, नाही जुळला तर बदलण्यात काहीही गैर नाही.

कातरवेळ

मी २३ चा आहे. त्या खोलीत मी राहिलोय म्हणून लिहितो.

सगळ्यात वाईट वाक्य होतं "तुला काय कमी आहे?" कारण ते मीही स्वतःला दिवसभर विचारत होतो. उत्तर सापडत नव्हतं, म्हणून आणखी नालायक वाटायचं.

मला उपयोग झाला तो मामाचा. तो यायचा, माझ्या खोलीत खुर्ची ओढून आपलं ऑफिसचं काम करत बसायचा. एक प्रश्न नाही. जाताना "उद्या येतो" म्हणायचा आणि यायचा. पहिल्यांदा मी जे बोललो ते त्याच्या गाडीत बोललो, तो समोर रस्त्याकडे बघत होता म्हणून. तोंडासमोर बसून मला एक अक्षर फुटलं नसतं. ताई, भावाला कुठे तरी सोडायच्या निमित्ताने बाहेर काढून बघा.

समुपदेशनात भूतकाळ उकरतील असं मला वाटलं होतं. मॅडमनी पहिल्या दिवशी एक कागद दिला. डावीकडे एखादं बारीकसं काम लिहायचं, ते करण्याआधी किती बरं वाटेल याचा अंदाज शून्य ते दहामध्ये, करून झाल्यावर खरंच किती वाटलं ते. माझी पहिली ओळ अजून आठवते: "गॅलरीत दहा मिनिटं उभं राहणं. अंदाज ०. नंतर २." मी म्हणालो, दोनने काय होतंय? त्या म्हणाल्या, "तुझं मन शून्य सांगत होतं, ते दोनने चुकलं. आता पुढची ओळ." दात घासणं, एका मित्राच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवणं, असल्या गोष्टी. इच्छा होईल मग करेन, या वाटेने मी कधीच उठलो नसतो. आधी करायचं, इच्छा मागून येते. कधी कधी येतही नाही, तरी पुढची ओळ लिहायची.

मला औषधंही होती. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकलो, कारण सुरुवातीला नुसती मळमळ आणि अस्वस्थपणा होता.

खिडकीजवळची

कातरवेळ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या मामांसारखं माणूस प्रत्येक मुलाला मिळायला हवं.

औषधांबद्दल एक भर घालते, कारण ती महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये नैराश्यावरच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. या वयात, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलताना, काही जणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. त्या काळात घरच्यांनी जवळून लक्ष ठेवायचं, ठरलेल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, अस्वस्थपणा एकदम वाढला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्या हळूहळू उतरवतात.

मोठी_ताई

सगळ्यांचे खूप आभार. विचारलं त्याला. गाडी नाही आमच्याकडे, म्हणून रात्री चालायला नेलं. तुम्ही लिहिलं होतं तसंच विचारलं, शब्द घशात अडकत होते तरी.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मरायचं असं नाही. सकाळी जाग आली नाही तर चालेल, असं वाटतं रोज." काही ठरवलंय का विचारलं, "नाही" म्हणाला. मग आपणहून बोलला की चित्र काढायला बसलं की हात जड होतो, चार रेघा झाल्या की सगळं फालतू वाटतं, म्हणून वेष्टनच काढलं नाही. एवढी लांब वाक्यं तो कित्येक दिवसांत माझ्याशी बोलला नव्हता.

औषधांचा डबा माझ्या कपाटात कुलपात आहे. नेहमीच्या डॉक्टरांकडे गुरुवारी जातोय, तो तयार आहे, मी बाहेर बसायचं या अटीवर. बाबांना मात्र काही सांगू नको म्हणतो. काय करू? आणि कॉलेजला काय कळवायचं?

खिडकीजवळची

"सकाळी जाग आली नाही तर चालेल" हाही मरणाचाच विचार आहे, ताई. योजना नाही हे चांगलं, पण हे वाक्य डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोचायला हवं. त्याला विचारा, तू सांगशील की मी चिठ्ठीवर लिहून देऊ? बरीच मुलं चिठ्ठी निवडतात. तोवर रोज एकदा नुसतं विचारा, "आज तो विचार किती आहे?" वाढलाय असं वाटलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

बाबांना कळायला हवं. तो अल्पवयीन आहे, उपचारांना पालकांची संमती लागू शकते. शिवाय घरात त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच असून चालणार नाही. पण त्याच्या नकळत नको. बाबांना काय सांगायचं आणि काय नाही, हे त्याच्यासोबत बसून ठरवा. "त्याला बरं नाहीये, जगणं नकोसं वाटतंय, डॉक्टरकडे नेतोय, मार्कांचा विषय सध्या कुणीही काढायचा नाही" इतकं बाबांना पुरे. चालताना तो जे बोलला, त्यातलं बाकीचं तुमच्याजवळच राहू द्या.

कॉलेजला तपशील द्यायची गरज नाही. "प्रकृतीच्या कारणाने उपचार सुरू आहेत" असं डॉक्टरांचं पत्र सहसा पुरतं. परीक्षा किंवा हजेरीत सवलत लागली तर पुढचं बघता येईल. आणि डॉक्टरांनी "वय आहे, होतं असं" म्हणून परत पाठवलं तर तिथे थांबू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.

दोन_लेकींचा_बाबा

ताई, वरचं सगळं वाचून थोरलीला फोन केला. बोलणं चालू आहे. तुमच्या बाबांशी एखाद्या बापानेच बोलावं असं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी आनंदाने बोलेन.