मदत हवी आहे: 'न्याहाळणे' आपल्याकडे बोलण्यात आहे का?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले शब्द टिपून ठेवतोय, त्यात 'न्याहाळणे'पाशी अडलोय. संस्कृत 'निभालन'पासून आलेला हा शब्द. गुजरातीत 'निहाळवुं', हिंदीत 'निहारना'. नुसतं बघणं नव्हे, बारकाईनं, डोळे भरून बघणं. पण आमच्या घरी सगळीकडे 'बघणे'च. वाट बघ, मुलगी बघायला आलेत, करून बघ. शेजारच्या कन्नडमध्येही तेच: 'दारि नोडु', 'हेण्णु नोडु', 'माडि नोडु'. वाक्याच्या शेवटी येणारं आमचं 'बघ' ('आलाच नाही बघ') तर थेट 'नोडु'सारखं चालतं. ज्ञानेश्वरीत जागोजागी येणारं 'पाहे पां' हेही असंच लक्ष वेधणारं. हे सगळं मला फार मोलाचं वाटतं, म्हणून नीट नोंदवायचंय.

तर विचारायचं असं: तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी 'न्याहाळणे' किंवा 'निहाळणे' ऐकलंय का? कशाबद्दल? बाळाला, उभ्या पिकाला, बाजारात बैल पारखताना? जात्यावरच्या ओवीत आलं असेल तर ओळ जशीच्या तशी लिहा, गावाचं नावही सांगा. कोशातला अर्थ मिळतो हो, मला बोलण्यातला हवाय.